प्रतिकृती रेल्वेचा मार्ग-आराखडा

प्रतिकृती रेल्वेचा मार्ग-आराखडा म्हणजे प्रत्यक्ष रेल्वेची लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारताना रूळ, सांधे, फलाट आणि सायडिंग यांची फळीवरील मांडणी ठरवणारा नकाशा होय. घरातील मर्यादित जागेत कोणतेही स्थानक जसेच्या तसे बसत नाही. त्यामुळे लहान आराखड्यात काय दाखवावे याइतकाच काय वगळावे हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

प्रमाण आणि रूळांतर

एचओ (१:८७) आणि एन (१:१६०) ही जगभर प्रचलित असलेली दोन प्रमाणे आहेत. एचओ रुळांमधील अंतर १६.५ मिमी, तर एन रुळांमधील अंतर ९ मिमी असते. ही मापे १४३५ मिमी रूळांतराच्या रेल्वेवरून ठरली आहेत. भारतीय ब्रॉडगेजचे रूळांतर १६७६ मिमी असून एचओ प्रमाणात ते सुमारे १९.३ मिमी भरते. त्यामुळे बाजारातील रुळांवर भारतीय गाडी उभी केल्यास रूळ किंचित अरुंद दिसतात. बहुतेक हौशी कारागीर ही तडजोड मान्य करतात. याउलट, विदर्भातील ‘शकुंतला’ रेल्वेचे ७६२ मिमी रूळांतर १:८७ प्रमाणात सुमारे ८.८ मिमी येते. त्यामुळे एचओ प्रमाणातील नॅरोगेज प्रतिकृतीसाठी एनचे ९ मिमी रूळ सोयीचे ठरतात.

वळण, चढ आणि हाताची पोच

वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी, असा व्यावहारिक संकेत आहे. भारतीय रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा बफरांसह सुमारे २२.३ मीटर लांब असतो. एचओ प्रमाणात तो २५.६ सेमी, तर एन प्रमाणात १३.९ सेमी होतो. म्हणजे एचओमध्ये सुमारे ७७ सेमी आणि एनमध्ये सुमारे ४२ सेमी त्रिज्या लागते. एचओमधील असे वर्तुळ दीड मीटरहून रुंद होते. ती फळी भिंतीलगत ठेवल्यास मागच्या रुळांपर्यंत हात पोहोचत नाही आणि घसरलेला डबा उचलणेही अवघड होते. म्हणून एकाच बाजूने हाताळायची फळी साधारणतः ७५ सेमीपेक्षा रुंद ठेवत नाहीत.

एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी एचओमध्ये सुमारे ७५ मिमी उंची मिळवावी लागते. तीन टक्के चढाने त्यासाठी अडीच मीटर लांबी खर्ची पडते. त्यामुळे लहान आराखड्यात पूल शक्यतो टाळला जातो. उलट दिशांची दोन वळणे सलग जोडल्यास लांब डबे रुळावरून उतरतात. अशा वळणांमध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवावा लागतो. गाडी ज्या मार्गावर पूर्ण वळून परत येते, तेथे दोन रुळांचे विद्युत ध्रुव एकमेकांना भिडून शॉर्टसर्किट होते. तो भाग विजेच्या दृष्टीने वेगळा करणे आवश्यक असते.

मांडणीचे प्रकार

वर्तुळाकार मांडणीत गाडी न थांबता फिरते, मात्र तिला रुंद फळी लागते. टोक-ते-टोक मांडणी अरुंद फळीवर बसते. शंटिंग मांडणीत डब्यांची अदलाबदल हाच मुख्य भाग असतो. ब्रिटिश हौशी कारागीर ॲलन राइट यांची ‘इंगलनुक’ मांडणी यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतील अशी तीन सायडिंग असतात. आठ वाघिणींमधून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि ठरलेल्या क्रमाने त्यांची गाडी जोडायची, असा तो खेळ आहे. केवळ दोन सांध्यांवर त्यात ६,७२० वेगवेगळ्या गाड्या जोडता येतात.

उदाहरण : नरखेड जंक्शन

नागपूर जिल्ह्यातील नरखेड हे नागपूर–इटारसी मार्गावरील स्थानक असून तेथून अमरावतीकडे फाटा जातो. चोवीस डब्यांच्या गाडीसाठी लागणारा फलाट एन प्रमाणातही तीन मीटरहून लांब होतो. दहा फुटी भिंतीवर तो बसवल्यास इतर काहीच उरत नाही. इंजिन आणि चार डबे एवढीच गाडी धरल्यास तिची लांबी सुमारे ६८ सेमी होते. मग ८० सेमीचा फलाट, त्याच्या दोन्ही बाजूंना सांध्यांसाठी ४० सेमी आणि दोन्ही टोकांना गाडी दृष्टीआड उभी करण्यासाठी ७० सेमी, असा तीन मीटरांचा हिशेब जुळतो. फाट्याचे पुढचे टोक पार्श्वचित्रामागे नेता येते.

येथे गाडीची लांबी व मार्गांची संख्या कमी होते. मात्र मुख्य मार्ग, त्याला फुटणारा फाटा आणि तालुक्याची ओळख असलेल्या संत्र्यांच्या बागा राखल्या, तर पाहणाऱ्याला स्थानक ओळखता येते. या पद्धतीला निवडक संक्षेप म्हणता येईल.

आराखड्याची पडताळणी

रूळ विकत घेण्यापूर्वी आराखडा पूर्ण आकारात कागदावर काढून फळीवर पसरतात. सांध्यांचे कागदी नमुने त्यावर ठेवून गाडीची लांबी मोजली जाते. हस्तचित्रात सांधे नेहमी प्रत्यक्षापेक्षा आखूड काढले जातात. ही चूक कागदावर सापडल्यास खर्च वाचतो.

महाराष्ट्रातील संग्रहालये

पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी स्थापन केलेले लघु रेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथे चालत्या प्रतिकृती गाड्यांची मांडणी पाहता येते. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात प्रत्यक्ष इंजिने व डबे जतन केलेले आहेत. प्रतिकृतीसाठी मापे आणि बारकावे अभ्यासण्यास ते उपयुक्त आहे.