'लपाछपी' आणि 'छोरी': एकाच दिग्दर्शकाचे दोन भयपट

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याचाच हिंदी रिमेक 'छोरी' नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर प्रदर्शित झाला. रिमेकचं दिग्दर्शनही फुरियांचंच, ही तशी दुर्मीळ गोष्ट.

कथेचा गाभा दोन्हीकडे सारखाच आहे. कर्जाच्या तगाद्यामुळे एक गरोदर बाई नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एकाकी घरात लपते आणि तिथेच अडकते. मराठीत ही भूमिका पूजा सावंतची, हिंदीत नुसरत भरूचाची. माणूस बुडेल एवढा उंच ऊस, भर दिवसाचं ऊन, आणि तरीही वाट सापडत नाही. अंधार न वापरता घाबरवणं ही मूळ चित्रपटाची खरी कमाई. हिंदीत छायांकन अधिक झगझगीत आहे, पण विषय जास्त उलगडून सांगितला जातो.

सर्वांत मोठा फरक घरधनिणीत दिसतो. उषा नाईक यांची तुळसाबाई मायाळू बोलण्यातूनच धडकी भरवते. मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी सुरुवातीपासून करारी वाटते.

दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या आहे. पडद्याबाहेर, खान्देशातल्या जळगाव-धुळ्यालाही हा विषय परका नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. धुळ्याची स्थिती थोडी बरी, तरी हजाराच्या बरीच खाली. दोन्ही चित्रपटांपैकी एकच बघायचा असेल, तर 'लपाछपी' बघावा.