जुगाराच्या जाहिरातीचें विडंबन

धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीन विकलें कीं शेतकऱ्याच्या हातीं वर्षांतून एकदां मोठी रक्कम येते. तींत बियाण्याची उधारी, मुलांची फी व घरांतील लग्नकार्य यांचा वांटा आधींच ठरलेला असतो. त्याच हातांत आतां मोबाइलही आहे, आणि घरबसल्या पैज लावण्यास बोलावणाऱ्या जाहिराती त्यावर गेलीं कांहीं वर्षें झळकत आल्या. संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. त्यांच्या जाहिरातीसही २ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. परंतु कायदा दुकान बंद करूं शकतो, मनांतील मोह नव्हे. तेथें विडंबन उपयोगीं पडतें.

असें विडंबन ‘मोशन ग्राफिक्स’ म्हणजे हलत्या आकृतींच्या साह्यानें उत्तम साधतें. ही कला महाराष्ट्रास नवीन नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यासाठीं काडी किंचित् सरकवावयाची व दर वेळीं एक चित्र घ्यावयाचें, अशी रीत होती. आज तीच सरकवासरकव संगणक करतो. सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीस ७५० चित्रें लागतात.

प्रथम काल्पनिक ॲपचें नांव ठरवावें; समजा, ‘हमखास हार’. रूप मात्र हुबेहूब खऱ्या जाहिरातीचें असावें: भडक रंग, उडणारीं नाणीं, टाळ्यांचा कडकडाट. खऱ्या जाहिरातींत आमिष सावकाश सांगतात आणि धोक्याची सूचना एका दमांत उरकतात. येथें क्रम उलटा करावा. आमिष भरभर निघून जावें, सूचना मोठ्या अक्षरांत संथपणें वाचली जावी.

पण विडंबनाचा खरा कणा गणित होय. समजा, नाणेफेकीच्या पैजेंत १०० रुपये लावले. जिंकल्यास १९० मिळतात, हरल्यास कांहीं नाहीं. दोन्ही शक्यता सारख्या, म्हणून सरासरीनें हातीं ९५ येतात. दिसावयास तोटा अवघा ५ रुपयांचा! परंतु पुष्कळ खेळाडूंची एकूण रक्कम अशीच फेरीफेरीनें लागत गेली, तर दर शंभरामागें १० फेऱ्यांनंतर सुमारें ६० व २० फेऱ्यांनंतर सुमारें ३६ रुपये उरतात. पडद्यावर शंभराचा एक उंच खांब उभा करावा. प्रत्येक टाळीबरोबर तो थोडा खालीं यावा, आणि शेजारीं ॲपवाल्याची तिजोरी तेवढीच फुगावी. शेवटीं टाळ्या थांबाव्यात व एकच प्रश्न उमटावा: ‘बाकीचे ६४ कोठें गेले?’

यांत दोन पथ्यें सांभाळलीं पाहिजेत. एक, हंसूं विक्रेत्याचें व्हावें, हरलेल्याचें नव्हे. ज्या घरांत कर्ज झालें आहे तें घरही ही जाहिरात पाहणार. तेथें खेळणाऱ्यास मूर्ख ठरविलें, तर तो आपलें कर्ज अधिकच लपवील, आणि लपविलेलें कर्ज माणसास टोकास नेतें. दुसरें, पैसे भरण्याचें बटण किंवा खऱ्या ॲपशीं साम्य असलेलें चिन्ह कोठेंही नसावें. एखादा तुकडा तोडून कोणीं पुढें पाठविला, तरी तो विडंबनच राहिला पाहिजे. ‘हमखास हार’ हें नांव प्रत्येक चित्रांत ठेवावें, तें याचकरितां.

अखेरच्या चित्रांत शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक साह्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. जाहिरात पाहून घरांतील तरुण मुलगा हंसला, तर निम्में काम झालें. त्यानंतर त्यानें कागद घेऊन शंभराचे छत्तीस कसे होतात हें स्वतः मांडून पाहिलें, तर उरलेलें निम्मेंही झालें, असें समजावें.