गावाचा फुटबॉल क्लब आणि मुलांची प्रकृती

"डॉक्टर, पोरगा नीट जेवत नाही, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." घोडेगावात प्रॅक्टिस करताना ही मागणी मी आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकतो. तपासणीत विशेष काही आढळले नाही, तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "दिवसातून किती वेळ खेळतो?" यावर आई वडिलांकडे पाहते, वडील मुलाकडे पाहतात आणि मुलगा मोबाईलकडे! सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री मोबाईल, असा दिवस गेला तर भूक लागणार कशी?

पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच वयात हाडांत चुना साठतो, हृदय आणि फुप्फुसे यांची ताकद वाढते आणि शरीराला सवयी लागतात. पूर्वी पन्नाशीत दिसणारा मधुमेह आणि रक्तदाब आता तिशीतल्या माणसांत दिसतो. त्याची सुरुवात पुष्कळदा बैठ्या बालपणात झालेली असते.

म्हणूनच या आठवड्यात औषधाविषयी न लिहिता फुटबॉल क्लबाविषयी लिहीत आहे. फुटबॉलच का? एका चेंडूवर वीस मुले खेळतात. बॅट, पॅड, स्टंप लागत नाहीत. पाळी येईपर्यंत झाडाखाली बसून राहावे लागत नाही. तासभरात प्रत्येक मूल धावते, थांबते, वळते, पुन्हा धावते. हृदयाला याहून चांगला व्यायाम क्वचितच मिळेल.

नागपूरचा धडा

"हे शहरात ठीक आहे, इथे कोण करणार?" असे म्हणणाऱ्यांनी नागपूरचे उदाहरण पाहावे. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले प्रा. विजय बारसे यांना एकदा भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. जितका वेळ मुले खेळत होती तितका वेळ ती वाईट संगतीपासून दूर होती, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्यातून २००१ साली 'स्लम सॉकर' हे काम उभे राहिले. पत्नी रंजनाताईंची साथ मिळाली, पुढे मुलगा अभिजीतही या कामात आला.

या कामातून पुढे आलेला अखिलेश पॉल २०१० साली ब्राझीलमधील रिओ येथे बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाचा कर्णधार झाला. आपण व्यसन आणि गुन्हेगारीच्या वाटेवरून मागे फिरलो, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१६ साली फुटबॉलची जागतिक संघटना 'फिफा' हिने या संस्थेला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली आलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट बारसे सरांच्या कामावरून सुचलेला आहे. चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. पण डॉक्टर म्हणून मला त्या कामातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते : तिथे शिकलेली मुले मोठी झाल्यावर स्वतः धाकट्यांना शिकवू लागली. औषधाचा परिणाम बाटली संपली की ओसरतो. हा परिणाम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांतल्या तालमींनी कुस्तीच्या जोडीला फुटबॉलही जिवापाड जपला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असले की शाहू स्टेडियम भरून जाते. ही ताकद पेठेतल्या माणसांची आहे. कोणी मैदान आखतो, कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी जखमी पोराला दुचाकीवर घालून दवाखान्यात नेतो. आपल्याकडे गणेश मंडळासाठी दहा दिवस राबणारे तरुण गावोगाव आहेत. त्यांतल्या चौघांनी आठवड्याचे तीन दिवस दीड-दीड तास दिला, तर क्लब उभा राहतो.

क्लब वाढतो कसा, बसतो कसा?

सुरुवातीचा उत्साह सगळीकडे असतो. कठीण असते ते दुसरे वर्ष. एकच माणूस सगळे ओढत असेल, तर त्याच्या घरचे लग्न किंवा कांद्याची काढणी आली की मैदान ओस पडते. म्हणून कामे पहिल्या दिवसापासून वाटून घ्यावीत. हजेरी एकाकडे, चेंडू-पंप दुसऱ्याकडे, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी तिसऱ्याकडे. जमाखर्च दरमहा सर्वांसमोर वाचावा. मैदानावर नेहमी किमान दोन मोठी माणसे असावीत. कोणत्याही एका प्रौढाने एकट्या मुलाला वेगळे नेऊ नये. पालकांचा विश्वास अशा नियमांमुळेच टिकतो.

दुसरा धोका ढालीचा! एकदा ढाल मिळाली की फक्त चपळ अकरा जण खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर ज्याला खेळाची सर्वांत जास्त गरज आहे, तो लठ्ठ, बुजरा किंवा अशक्त मुलगाच मग घरी बसतो. बारा वर्षांखालील प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळायला मिळालेच पाहिजे, असा नियम करावा. क्लबाची प्रगती ढालींवरून मोजण्यापेक्षा हजेरीच्या वहीवरून मोजावी.

मुलींचे काय?

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. "खेळून आणखी अशक्त होईल," ही समजूत चुकीची आहे. मुलगी लवकर दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि जंताचे औषध घ्यावे. जेवणात हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये आणि सोबत लिंबू असावे. पाळीच्या दिवसांत त्रास नसेल तर खेळायला हरकत नाही. मुलींच्या सरावाला एक महिला कार्यकर्ती हजर असावी आणि जवळपास स्वच्छतागृहाची सोय असावी. एवढे झाले तर मुली टिकतात.

मैदानावर पाळायच्या गोष्टी

१) धनुर्वाताची लस : घोडेगावचा जनावरांचा बाजार सर्वांना माहीत आहे. जिथे जनावरे उभी राहतात त्या मातीत शेणावाटे धनुर्वाताचे जंतू हमखास असतात. सरकारी कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस मोफत मिळते. ती चुकवू नये. खरचटल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, माती, राख लावू नये. जखम खोल किंवा मळलेली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे.

२) अंग मोकळे करणे : सामन्याआधी वीस मिनिटे हलके धावणे, उड्या, तोल सांभाळण्याचे आणि मांड्यांचे व्यायाम करावेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा व्यायामांनी दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

३) ऊन : एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच सराव घ्यावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत उत्तम. मूल बरळू लागले, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाले तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच करत रुग्णालयात न्यावे.

४) पाय मुरगळणे : लगेच चोळू नये, शेकू नये. विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उंचावर, हा पहिल्या दोन दिवसांचा उपचार. पायावर भार टाकता येत नसेल तर हाडवैद्याकडे न जाता एक्स-रे काढावा.

५) डोक्याला मार : चक्कर, डोकेदुखी, गोंधळलेपणा यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही हट्ट करो. उलट्या, झटका किंवा गुंगी आल्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

६) आधी तपासणी : धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, अशा मुलांना तपासणीशिवाय उतरवू नये. दमा असलेली बहुतेक मुले मात्र औषध नियमित घेऊन आनंदाने खेळू शकतात.

वाचकहो, महागड्या टॉनिकच्या दोन-तीन बाटल्यांच्या पैशांत एक बरा चेंडू येतो. लहानांना चार नंबरचा, तेरा वर्षांपुढच्यांना पाच नंबरचा घ्यावा. जागा गावात आहे, मुले तर आहेतच. कमी पडतात ती संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर येऊन उभी राहणारी चार मोठी माणसे. यंदा आपल्या गल्लीतून त्यांतला एक तरी निघावा, हीच या आठवड्याची चिठ्ठी.