वादळानंतरची घरे : जॉप्लिन येथील श्रमदान

उन्हाळ्यात पटांगणावर धूळ व पाचोळा गरगर फिरवीत नेणारी वावटळ प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेली असते. टोर्नेडो या वादळाची कल्पना देताना शिक्षकांनी तिच्यापासूनच आरंभ करावा. मात्र दोहोंतील भेदही तेथेच स्पष्ट करावा. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते, तर टोर्नेडो हा गडगडाटी मेघापासून भूमीपर्यंत पोहोचलेला हवेचा प्रचंड भोवरा होय. आपल्या किनाऱ्यावर येणारे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर व्यापते व त्याची सूचना काही दिवस आधी मिळू शकते. टोर्नेडोचा पट्टा अरुंद असतो, आणि सूचना बहुधा काही मिनिटांचीच मिळते.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात जॉप्लिन हे सुमारे ५०,००० वस्तीचे नगर आहे. रविवार, दिनांक २२ मे २०११ रोजी सायंकाळी असा टोर्नेडो या नगरातून गेला. त्याचा मार्ग सुमारे ३५ किलोमीटर लांब व काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक रुंद होता. १६१ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ७,५०० घरे पडली अथवा मोडली.

वार्ता पसरताच साहाय्यकांची रीघ लागली. पहिल्या वर्षातच एक लाखाहून अधिक स्वयंसेवक तेथे येऊन गेले. परंतु माणसे जमली म्हणजे काम झाले, असे होत नाही. कोणी कोठे जावे हे ठरले नसेल, तर एका अंगणात पन्नास माणसे लोटतात आणि शेजारच्या गल्लीतील वृद्धेकडे कोणी फिरकत नाही. म्हणून तेथील विद्यापीठाच्या आवारात नोंदणी केंद्र उघडण्यात आले. सेंट लुईस येथील अमेरिकॉर्प्स या सेवापथकाने त्याची व्यवस्था पाहिली. श्रमाच्या तासांची नोंदही काळजीपूर्वक ठेवण्यात आली. या नोंदीचा उपयोग केवळ गौरवापुरता नव्हता. आपत्तीच्या खर्चातील जो वाटा स्थानिक संस्थेने उचलावयाचा असतो, त्यात या श्रमाचे मूल्य जमा धरण्यात आले. नोंदवही नीट ठेवल्यामुळे घामाचे मोल नगराच्या पदरात पडले.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मोडलेले लाकूड, खिळे व काचा यांत काम करणाऱ्यास जाड तळाचे जोडे व हातमोजे अनिवार्य होत. या वादळात जखमी झालेल्यांपैकी १३ जणांच्या जखमांत माती व कचऱ्यातील एका बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यांतील ५ जण दगावले. सेवेचा उत्साह कितीही असो, जखम धुण्यास विलंब करू नये, हा बोध यातून घ्यावा.

तिसरी गोष्ट बांधकामाची. वारा फुटलेल्या खिडकीतून अथवा दारातून आत शिरला की छपरास खालून वर रेटतो. छप्पर उडाले की भिंतींचा आधार जातो व त्या कोसळतात. यास्तव छप्पर भिंतीस, भिंत पायास अशी अखंड साखळी असावी लागते. वादळानंतर जॉप्लिनने नव्या घरांसाठी नियम केले. छपराचे वासे भिंतीस धातूच्या पट्ट्यांनी जखडणे आणि भिंत पायाशी बांधणारे बोल्ट अधिक जवळजवळ बसविणे, हे त्यांतील मुख्य होत. अत्यंत प्रबळ टोर्नेडोपुढे हेही अपुरे पडते, पण त्याच्या कडेच्या सौम्य वाऱ्यात सापडलेली घरे अशा सांध्यांमुळे वाचू शकतात. स्वयंसेवकाने ठोकलेला एकेक खिळा म्हणूनच जाणत्या सुताराच्या देखरेखीखाली ठोकला गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. पहिल्या आठवड्यात ढिगारा उपसण्यास पुष्कळ हात मिळतात, परंतु घर ढिगारा उपसल्याने उभे राहत नाही. त्यास पाया, सांगाडा, छप्पर, नळ, वीज असे टप्पे लागतात आणि त्यात महिने जातात. तोपर्यंत वृत्तपत्रांचे लक्ष अन्यत्र गेलेले असते. स्वतःच्या बळावर घर बांधणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांची घरे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी व रिबिल्ड जॉप्लिन यांसारख्या संस्थांनी पुढेही बांधली. खरा कस लागतो तो या मागाहून येणाऱ्या स्वयंसेवकाचाच.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने एक प्रसंग विशेष मननीय आहे. नगरातील मोठी माध्यमिक शाळा उद्ध्वस्त झाली होती. तथापि नवे शैक्षणिक वर्ष ठरल्या दिवशी, म्हणजे १७ ऑगस्ट २०११ रोजी, सुरू करण्याचा निर्धार शाळाप्रमुखांनी केला व तो पाळला. वादळास तेव्हा ८७ दिवस झाले होते. वरच्या वर्गांतील विद्यार्थी एका बाजारसंकुलातील रिकाम्या दुकानाच्या जागेत बसले. घर उभे राहण्यास अवधी असला, तरी मुलास सकाळी जाण्यासाठी एक ठिकाण मिळाले आणि आईबापांना घराच्या कामास दिवस मोकळा मिळाला.

वर्गात हा पाठ सांगितल्यावर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या गावावर संकट आले, तर मदतीस येणाऱ्यांची नावे प्रथम कोठे लिहून घ्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर संकटापूर्वीच ठरलेले असावे.