स्पिनरसाठी पाणी कोणतं?

स्पिनरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या आमिषाने, मासा धरायचा असेल तर गळांची पेटी उघडण्याआधी नदी नीट पाहून घ्यावी. पातं पितळी असावं की चंदेरी, यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. पण ते फिरतं पाण्याच्या रेट्यावर. संथ डोहात रीळ सावकाश गुंडाळलं की पातं थबकतं आणि स्पिनर बुडून तळच्या गोट्यांत अडकतो. फेसाळत्या धारेत तो उचलला जातो आणि वरच्यावर घसरत येतो. म्हणून रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाचं, साधारण कमरेइतकं खोल आणि तळाशी मोठे धोंडे असलेलं पाणी मी सर्वांत चांगलं मानतो. प्रवाहाला आडवा टाकून दोरी ताणलेली ठेवली की तिथे नदीच पातं फिरवते. काठीच्या टोकाला त्याची बारीक थरथर सलग जाणवली, की वेग जुळला असं समजावं.

पौडी गढवालमधल्या व्यासघाटला नयार गंगेला मिळते, तिथे वेगाइतकंच नितळपणाचं महत्त्व कळतं. ऊन तापलं की गंगेत हिमनद्यांचा बारीक गाळ उतरतो, पाणी थंड आणि राखाडी होतं. नयार येते दुधातोलीच्या जंगलातून, झऱ्यांच्या आणि पावसाच्या पाण्यावर. पावसाळ्याआधी ती बहुधा स्वच्छ आणि कोमट असते. संगमाखाली दोन्ही पाणी काही अंतर शेजारी वाहतं आणि मधे रंगाची रेघ उमटते. या रेघेच्या संथ बाजूला सोनेरी महसीर फारशी ताकद न खर्चता उभा राहू शकतो आणि पलीकडच्या धारेतून वाहत येणारं भक्ष्य टिपतो. स्पिनर फिरवावा तो याच रेघेवर.

मोठा मासा डोहातच असतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण दिवसभर डोहाच्या पोटात विसावलेला महसीर पहाटे-संध्याकाळी खायला डोहाच्या तोंडाशी किंवा शेपटाकडच्या उथळ भागात येतो, आणि नेमकी तिथेच पात्याला हवी तेवढी ओढ असते. जड स्पिनर घेऊन खोलात उतरता येतं, पण तो हळू फिरवणं कठीण जातं. दुसरा आक्षेप असा, की माशाला पात्याची थरथर अंगावरच्या रेषेने जाणवते, मग गढूळपणाची चिंता कशाला? किंचित गढूळ पाण्यात हे चालतं, उलट मासा कमी बुजतो. पण पाण्यात हातभर खालचा दगडही दिसेनासा झाला, तर थरथर जाणवूनही माशाला नेम साधत नाही. त्या दिवशी काठी गुंडाळावी. काठावरच्या दगडांचा ओला पट्टाही पाहत राहावा. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की गंगेची पातळी बघता बघता चढते आणि मघाची चांगली जागा धोक्याची होते.

आणि पावसाळ्यात, पाणी कितीही जुळलेलं दिसलं तरी, नयारच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवसांत महसीर अंडी घालायला याच नदीत वर चढतो आणि ही जात आज संकटग्रस्त आहे. एरवीही रीतसर परवाना घ्यावा, बिनकाट्याचा गळ वापरावा आणि मासा पाण्याबाहेर न काढताच सोडून द्यावा.