हिवाळ्याचे ताट: संत्रे आणि हरभऱ्याची भाजी

सौंसर तालुक्यातील बोरगावच्या परिसरात आंबिया बहराची संत्री आणि हरभऱ्याची कोवळी भाजी हिवाळ्यात एकाच सुमारास हाताशी येतात. ही जोडी पथ्यावर पडणारी आहे. पालेभाजी आणि ज्वारीतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. संत्र्यातले क जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. म्हणून संत्रे जेवणासोबतच खावे, तेही फोडींच्या पापुद्र्यासकट. गाळलेल्या रसात तंतू फारसे उरत नाहीत. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्यातले टॅनिन लोह अडवते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते. भाजी खुडायला त्यांना शेतात न्यावे: चालणे-वाकणे आपसूक घडते, पानांवरच्या आंबेने बोटे आंबट होतात. शेंडे खुडल्याने हरभऱ्यालाही फांद्या अधिक फुटतात.