उंच माणूस, छोटी गाडी आणि बिचारी कंबर

बारामतीच्या एमआयडीसीतील पियाजिओच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची दोन नावे मोठी गमतीशीर आहेत. इटालियन भाषेत ‘अ‍ॅपे’ म्हणजे मधमाशी आणि ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा कमी होता आणि गल्ल्या अरुंद. तेव्हा कोराडिनो द’अस्कानियो या विमान अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आखली. तिच्यावरूनच १९४८ मध्ये तीनचाकी अ‍ॅपे आली. गाडी लहान ठेवणे हाच या दोन्हींमागचा हेतू होता.

हाच लहानपणा आज बारामती-इंदापूर रस्त्यावर उपयोगी पडतो. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीच्या वाटेवर तीनचाकी टेम्पो आणि छोट्या गाड्या भाजीपाला, दुधाचे कॅन, डाळिंबाचे क्रेट घेऊन धावत असतात. शेतातल्या बोळातूनही त्या आरामात वळतात. अडचण होते ती सहा फुटी माणूस चालवायला बसला की. डोके छताला लागते, गुडघे हँडलला किंवा डॅशबोर्डला. मग तो कंबरेतून घसरून, मान वाकवून बसतो. दिवसाचे आठ-दहा तास असेच गेले, तर कंबरदुखी फार लांब राहत नाही.

उंची एकच, मापे वेगळी

वाहनाची बैठक सरासरी माणसासाठी आखत नाहीत. साधारणपणे सर्वांत ठेंगण्या पाच टक्के स्त्रिया आणि सर्वांत उंच पाच टक्के पुरुष सोडून मधल्या सगळ्यांची सोय पाहिली जाते. भारतीयांच्या शरीराची अशी मापे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. छोट्या गाडीत मात्र जागाच मोजकी असते. बहुतेक तीनचाकींची सीट मागे-पुढे सरकतही नाही.

शिवाय नुसती उंची फसवी असते. बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटिमीटरच्या माणसात ती साधारण ९४-९५ सेंटिमीटर असते. पण एकाच उंचीच्या दोघांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. एकाचे धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. पहिल्याला छत अडते, दुसऱ्याला पेडल. त्यामुळे दोघांवरचा उपाय एक असू शकत नाही.

मणक्यात काय होते?

माणूस घसरून बसला की ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढून दाब येतो आणि त्या मागच्या बाजूला ताणल्या जातात. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कंबरेतील चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा बराच वाढतो. कंबरेला आधार घेऊन किंचित मागे टेकले की तो कमी होतो.

त्यात हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा कंपनांना सर्वाधिक साथ देतो आणि खराब रस्त्यावरची गाडी नेमकी याच पट्ट्यात हादरते. गुडघ्याची बाहेरची बाजू दाराला सतत टेकत असेल, तर तिथून जाणारी नस दबून पावलाला मुंग्या येतात. गुडघा अडत असेल, तर पाय ब्रेकवर वेळेत पोहोचत नाही. तेव्हा प्रश्न एकट्या चालकाच्या दुखण्याचा राहत नाही.

स्पोर्ट्स कारवाल्यांची युक्ती

हाच पेच ब्रिटनमधल्या हौशी मंडळींना वेगळ्या गाडीत पडला. कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन ही दोन माणसांची, जमिनीलगतची चिमुकली स्पोर्ट्स कार. तिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे गेले. पुढे या कंपनीने उंच चालकांसाठी मोठ्या अंगाची आवृत्ती काढली आणि मजला खाली घेण्याची सोयही दिली. जुन्या धाटणीच्या छोट्या गाड्यांचे मालक आजही आधी सीटचा फोम कमी करतात. छत वर नेता येत नाही, म्हणून माणूस खाली न्यायचा.

इथेही तेच करता येते. लांब धड असलेल्याने कुशनवाल्याकडून बैठकीचा फोम दोन-तीन सेंटिमीटर कमी करून घ्यावा. मात्र उरलेला फोम घट्ट हवा, नाहीतर हादरे थेट हाडाला बसतात. लांब पाय असलेल्याने उलट बैठक जास्त खाली नेऊ नये. गुडघे कंबरेच्या वर जातात आणि मांड्या अधांतरी राहतात. दोघांनीही कंबरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला पंचा ठेवावा.

गाडी घेण्याआधी रोजची पादत्राणे घालून तीत पंधरा मिनिटे बसून पाहावे. डोके आणि छत यांत चार बोटे, गुडघा आणि स्टिअरिंग यांत एक मूठ अंतर असावे. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा. एअरबॅग असेल तर छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी आणि हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याला यावा. सीट बेल्टचे बोल्ट किंवा सीटचा सांगाडा स्वतः हलवू नये. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

तासाभराने दोन मिनिटे खाली उतरून चालावे. इंदापूरला पोहोचल्या पोहोचल्या ४० लिटरचा भरलेला कॅन उचलू नये. लांबच्या प्रवासानंतर चकत्या थकलेल्या असतात, तेव्हा पाच मिनिटे चालून मगच ओझ्याला हात लावावा. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पाऊल बधिर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पावलातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ही दुखणी पट्टा बांधून आणि गोळ्या खाऊन अंगावर काढण्याची नव्हेत.